जिभेखालची तार

येरमाळा, ज्येष्ठ शुद्ध तृतीया, शके १८७०

प्रेमा,

वर आशीर्वाद लिहिला न्हाय. अकरा वर्सांत तू माझा एक निरोप घेतला न्हाईस, आशीर्वाद काय घेशील! पण हा कागद फाडू नको. फाडायचाच तर वाचून फाड. रझाकारांच्या धामधुमीत हद्दीपल्याड बार्शीकडं जाणारं टपाल बंद हाय, म्हणून तिकडच्या बाजाराला जाणाऱ्या बिराप्पा घोंगडीवाल्याच्या हाती देते. हद्दीवरच्या करोडगिरीच्या, जकातीच्या नाक्यावर हल्ली मुंडाशात हात घालून बघत्यात. त्यानं घोंगडीच्या घडीत शिवून न्यायचं कबूल केलंय.

माझी लेक जगदेवी बाळंत झाली. तुझ्या मागं परकराचा घोळ धरून फिरायची ती जगी. दोनदा पोट पडलं, तिसऱ्या खेपेला मुलगा झाला. आज आठ दिवस झाले. पोरगं उजळ हाय, नाक आपल्या आप्पांचं घेतलंय. पण त्याला दूध ओढता येत न्हाय. तोंड लावतं, चुकचुक वाजवतं, सुटतं अन् रडतं. म्या तोंडात बोट घालून बघितलं तर जिभेखाली तार, पार शेंड्यापर्यंत आलेली. रडताना जीभ वर उचलत न्हाय, शेंड्याला मधोमध खाच पडते. वरच्या ओठालाबी तसलीच तार, ओठ हिरडीला शिवल्यावानी. जगीच्या छातीला चिरा पडल्यात. पोराला घ्यायचं म्हटलं की तीच आधी रडायला लागते.

गल्लीतल्या बाया रोज येऊन टोचत्यात. म्हणत्यात, मल्लाक्का, तुझ्या करंगळीच्या नखानं तार तोडून गावातली पंचवीस पोरं दुधाला लावली, बोलती केली, अन् घरच्या नातवाला नुसती बघत बसलीस? खोटं न्हाय ते. पण करंगळीचं नख म्या काढून टाकलं त्याला अकरा वर्सं झाली. बायांना सांगते, डोळ्याला दिसत न्हाय.

तू दवाखान्यात कामाला लागलीस असं कळलं. बरं केलंस. मला तुझ्याकडनं एकच पाहिजे. तुझं बाळ तू गाडीत घालून बार्शीला नेलं होतंस, तेव्हा तिथला डॉक्टर काय म्हणला? रक्त का थांबलं न्हाय? आपल्या आईचा, अव्वाचा हात म्हातारा होता, खोल गेला असेल. तेवढंच कारण, का आणखी काही? दोन ओळी लिही. माझ्यासाठी नको, जगीसाठी लिही.

अक्का


येरमाळा, ज्येष्ठ शुद्ध दशमी

प्रेमा,

बिराप्पा आला. म्या विचारलं, “हातात दिलंस का?” म्हणला, “दिलं.” “वाचलं?” “दोनदा वाचलं, मग चुलीत सारलं.” “बोलली काय?” “मला भाकरी वाढली अन् म्हणली, नाक्यावर जपून जा.” वा गं बाई! घोंगडीवाल्याला भाकरी अन् सख्ख्या बहिणीला राख. असू दे. माझ्यात भांडायचं बळ न्हाय.

ईटहून विहीणबाई आल्यात, इरम्मा. सोबत जावई शिवशरण. तो बापडा गरीब गाय, आई बस म्हणली की बसतो. इरम्मा मात्र उंबऱ्यातनंच बोलत येते. पोराला मांडीवर घेतलं, तोंड उघडून बघितलं अन् म्हणली, “अय्यो! उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंसुदिक जमायचं न्हाय ह्याला. विहीणबाई, तुमी काय मुहूर्त बघताय?” सगळ्या हसल्या. जगीबी हसली. लई दिवसांनी हसली, म्हणून म्या तिला हसू दिलं.

मी दूध पिळून बोंडल्यानं पाजते. दिवसातनं बारा-चौदा वेळा. अर्धं पोटात जातं, अर्धं मानेवर. पोर जगतंय, पण भरत न्हाय. मांड्यांची कातडी सैल पडलीय.

आता जे कुणाला बोलले न्हाय ते तुला लिहिते. त्याची नाळ पडली सहाव्या दिवशी. बेंबीतनं रक्त झिरपत राहिलं, चार दिवस. हळद दाबली, राख दाबली, दुपटी बदलून थकले. अन् न्हाऊ घालताना जिथं धरावं तिथं दुसऱ्या दिवशी निळं. काखेत निळं, पोटरीला निळं. गल्लीतली बाई म्हणली, दृष्ट लागलीय. मला दृष्ट वाटली न्हाय. तुझ्या बाळाच्या काखेतबी म्या हेच निळं बघितलं होतं, अन् तेव्हा म्हणले, न्हाणारणीचा हात जड हाय.

तुला आठवतं का, अव्वाच्या माहेरात मुलांचे कान टोचत न्हाईत? येडाई देवीला चालत न्हाय, म्हणायची ती. आपण कधी विचारलं न्हाय का चालत न्हाय. अव्वाचे दोन भाऊ ल्हानपणीच गेले, एक दुधाचा दात पडल्यावर गेला, हे तर आपण गोष्टीवानी ऐकायचो. दात पडून कुणी मरतं का, प्रेमा? आपल्या घराण्यानं एवढंच धरून ठेवलं की कानाला सुई लावायची न्हाय. जिभेला नख चालतं असं आपलं आपणच ठरवलं.

मागच्या पत्रात म्या लबाडी केली. अव्वाचा हात खोल गेला असेल असं लिहिलं. अव्वाचा हात त्यात नव्हताच. हात माझा होता.

तू बाळंतिणीच्या खोलीत निजली होतीस. अव्वा न्हाणीत पाणी तापवत होती. बाळ माझ्या मांडीवर. मला माझ्या हाताची लई घमेंड होती, बाई! म्हटलं, तू उठायच्या आत करून टाकते, उठलीस की पोर गटागटा पिताना दाखवते. नख तुपात बुडवलं अन् एक ओढ दिली. चीर तांदळाएवढी होती. पातळ पडदा, आरपार उजेड दिसणारा. एरवी चार थेंब येत्यात, पोर छातीला लावलं की थांबत्यात. हे थांबलं न्हाय. तू उठलीस, किंचाळलीस, तेव्हा अव्वा आत आली अन् माझ्याकडं न बघता म्हणली, “म्या केलं.” नंतर मला न्हाणीत ओढून म्हणली, “माझ्यावर चिडली तर चार महिने चिडंल. तुझ्यावर चिडली तर जन्माची तुटंल. गप ऱ्हा.” म्या गप ऱ्हायले. तू अव्वाच्या मातीलासुद्धा आली न्हाईस, तरी गप ऱ्हायले.

मला शिव्या दे. लागतील तेवढ्या दे. पण आता तरी नीट विचार कर. एवढ्याशा चिरेनं पोर जात न्हाय. दोष चिरेत नसंल तर रक्तात हाय, अन् ते रक्त ह्या पोरात हाय का, हे मला कळायला पाहिजे. डॉक्टर काय म्हणला ते कळव. त्याच्या सही-शिक्क्याचा कागद मिळाला तर लई बरं. इरम्मा बाईमाणसाचं ऐकायची न्हाय, शिक्क्याचं ऐकंल.

मल्लम्मा


येरमाळा, ज्येष्ठ वद्य द्वितीया

प्रेमा,

बिराप्पा सांगतो, ह्या खेपेला तू वाचलंस अन् ओट्यावर बसून राहिलीस. दिवा लावायचीबी शुद्ध नव्हती म्हणे. जबाब दिला न्हाईस. देशील तेव्हा देशील, मी लिहायची थांबत न्हाय.

इथं परवा मोठं नाटक झालं. तुला सांगते अन् सांगतानाच भीती वाटते.

इरम्मानं ईटच्या धोंडीबा न्हाव्याला सांगावा धाडायचं ठरवलं. त्याची वस्तऱ्याची धार लई बारीक, चार गावची पोरं त्यानं मोकळी केलीत, असं ती सांगत होती. म्या देवीचं नाव पुढं केलं. म्हटलं, आमच्यात मुलाला टोचलेलं येडाईला चालत न्हाय. तर म्हणली कशी, “देवी कान म्हणली, विहीणबाई. जीभ म्हणली न्हाय. अन् पोरगं कुणाच्या घरातलं? माझ्या.” शिवशरण जमिनीकडं बघत बसला. जगी माझ्याकडं बघत होती. तिची छाती सुजून दगड झालीय, अंगात ताप भरतोय. ती म्हणली, “अव्वा, तूच कर. परक्याच्या हातात देण्यापरीस तूच कर.”

मग मला सुचलं ते म्या केलं. म्हटलं, बरं, मीच करते. धोंडीबा नको. सकाळच्या उन्हात दारात बसले, सगळ्यांकडं पाठ करून. तुपाची वाटी, हळद, मध, सगळं मांडलं. पदराखाली सुई होती. आधी माझ्याच अंगठ्याला टोचली, खोल टोचली. मग ते बोट पोराच्या जिभेखाली फिरवलं. पोर रडलं, बोट आवडत न्हाय म्हणून रडलं. फडक्यावर तांबडं दाखवलं. इरम्मा म्हणली, “झालं?” म्हटलं, “झालं.” ओठावरनंबी तसंच बोट फिरवलं. ती खूश, गल्ली खूश, जगीनं माझे पाय धरले.

म्या सांगितलं, जखम भरेपर्यंत आठ दिवस छातीला लावायचं न्हाय, बोंडल्यानंच पाजायचं. तेवढ्यात तुझा कागद येईल असा माझा हिशेब. विहीणबाईला कशी गंडवली म्हणून पहिल्या दिवशी मला हसू येत होतं. आता येत न्हाय. फसवून मिळालेले दिवस भराभर सरत्यात.

प्रेमा, माझा तळतळाट न्हाय, विनवणी हाय. कागद धाड.

मल्लम्मा


येरमाळा, ज्येष्ठ वद्य पंचमी

प्रेमा,

करायला गेले एक अन् झालं भलतंच.

चौथ्याच दिवशी इरम्मानं माझ्या नकळत पोर जगीच्या छातीला लावलं. काय होणार? तार जिथल्या तिथं हाय. पुन्हा चुकचुक, पुन्हा रडणं, जगीच्या चिरा पुन्हा फुटल्या. इरम्मानं पोराचं तोंड उजेडात धरलं अन् म्हणली, “अर्धीच तुटलीय. विहीणबाईंचा हात म्हातारा झाला. राहिलेली धोंडीबा काढंल.”

तेव्हा माझा तोल गेला. सगळं ओकून टाकलं. म्हटलं, म्या कापलंच न्हाय, रक्त माझ्या अंगठ्याचं होतं. अकरा वर्सांमागं बहिणीचं पोर ह्याच हातानं गेलं, तांदळाएवढ्या चिरेनं गेलं, अन् ह्या पोराच्या अंगातबी तेच रक्त हाय. अंगठा पुढं केला. सुईची खूण कधीच भरलेली. त्या अंगठ्याकडं बघून कुणाला काय पटणार!

इरम्मानं तो अंगठा बाजूला सारला. मग जगीला म्हणली, “तुझी आई आपल्या हाताला भ्यालीय. तिच्या हातनं एक पोर मेलंय, हे लग्नाच्या बोलणीत कुणी सांगितलं न्हाय आमाला. पण हे पोर? ह्याला कापलं, रक्त आलं, मिनिटात थांबलं. तू डोळ्यानं बघितलंस का न्हाय?” जगी म्हणली, “बघितलं.” म्या म्हटलं, “जगे, ते खोटं होतं गं.” तर माझी लेक मला विचारते, “अव्वा, तवा खोटं बोललीस का आता खोटं बोलतीस?”

बघ, माझी लबाडीच पुरावा झाली. कापूनसुद्धा काही झालं न्हाय, मग आता भ्यायचं कशाला, हे त्यांचं म्हणणं. म्या शिवशरणला हात जोडले. तो म्हणला, “मामी, डॉक्टरचा कागुद असता तर आईला बोललो असतो.”

आज दिवस उजाडतानाच गाडी गेली. सव्वा महिना झाला न्हाय, ओली बाळंतीण, तरी नेली. गावात रझाकारांचा तळ पडलाय, ईटला धोका कमी, हे निमित्त. मला गाडीत घेतलं न्हाय. पोर माझ्या हातात द्यायलासुद्धा इरम्मा तयार नव्हती, जगीनंच खाली वाकून त्याचं तोंड मला दाखवलं. दोन दिवसांची वाट हाय. नवमीला सकाळी धोंडीबाला बोलवायचं ठरलंय.

मी तशीच मागनं चालत निघणार होते. पण रिकाम्या हातानं जाऊन काय करू? दारात उभी राहून ओरडंन, अन् खुळी म्हणून हाकलत्याल. म्हणून बिराप्पाला आत्ताच्या आत्ता धाडते. बाजाराचा दिवस नसताना तो नाका चुकवून रानातनं यायला तयार झाला. त्याला ल्हान नातवंडं हाईत, त्याला काही समजावून सांगावं लागलं न्हाय. तू माझ्याशी बोलू नको, मला बहीण म्हणू नको. फक्त कागद दे. सप्तमीच्या रातीपर्यंत तो माझ्या हातात पडला तर मी नवमीला ईटमध्ये पोचते.

मल्लम्मा


ईट, ज्येष्ठ वद्य नवमी

प्रेमा,

तुझा कागद सप्तमीला दिवेलागणीच्या आत मिळाला. बिराप्पाचे पाय काट्यांनी सोलून निघाले होते.

डॉक्टरचं इंग्रजी मला वाचता आलं न्हाय, पण शिक्का बघितला अन् खाली तू मराठीत उतरवलेलं वाचलं. ह्या घराण्यातल्या मुलांचं रक्त गोठत न्हाय, आईच्या वाटेनं मुलाला येतं, लेकींना त्रास देत न्हाय पण लेकी ते पुढं देत्यात. कुठंही कापू नये, टोचू नये, दूध पिळून चमच्यानं पाजावं, पोर मोठं झाल्यावर जीभ आपोआप थोडी सैल पडते. अन् त्याच्याखाली तुझ्या अक्षरात, “अक्का, मला हे डॉक्टरनं त्याच दिवशी सांगितलं होतं. अव्वाचा दोष न्हाय हे मला ठाऊक होतं. दोष द्यायला मला कुणीतरी पाहिजे होतं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा लाजेनं लिहायला हात उचलला न्हाय.”

वाचून मला राग आला. लई आला. अकरा वर्सं तू हे पोटात ठेवलंस! एका ओळीनं म्या माझ्या लेकीला सावध केलं असतं. वाटंनं अर्धा कोस तुला शिव्या देत चालले. मग आपलं आपल्यालाच हसू आलं. अव्वानं लपवलं माझ्यासाठी, म्या लपवलं माझ्या भ्यानं, तू लपवलंस तुझ्या दुःखानं. कुणी कुणाला बोलायचं? पुढच्या वाटंला म्या फक्त पाय उचलले.

अष्टमीची रात एका मळ्यात काढली. आज ऊन डोक्यावर यायच्या आत ईटच्या वेशीत पोचले. बिराप्पा माझ्या सोबत हाय. म्या कागद हातात उघडाच धरला होता, दारातनंच दाखवायचा म्हणून.

इरम्मा ओट्यावर बसली होती. मला बघून उठली, अन् भांडली न्हाय. माझा हात धरला, प्रेमा, तिचे डोळे भरले होते. म्हणली, “या विहीणबाई, वेळेवर आला. आत या, डोळं भरून बघा.” म्या विचारलं, “धोंडीबा?” म्हणली, “येऊन गेला उजाडताच. पेरणीची घाई, दिवसभर रानात जायचंय म्हणला.”

आत जगी भिंतीला टेकून बसली होती. पोर छातीला होतं. पीत होतं. ओठ दुमडून, गाल भरून, गटागटा आवाज काढत पीत होतं. जगीच्या तोंडावर असलं सुख म्या तिच्या लग्नातबी बघितलं न्हाय. म्हणली, “अव्वा, बघ गं, दुखतसुद्धा न्हाय. सकाळधरनं सोडायलाच तयार न्हाय.”

मी जवळ बसले. पदर जरा बाजूला केला. पोराच्या तोंडाच्या कडेनं दूध गळत होतं, अन् ते पांढरं नव्हतं. पोर रक्त गिळतंय म्हणून घरात कुणाला काही दिसलं न्हाय. दुपट्याची घडी उलटली तर मागची बाजू भिजलेली. धोंडीबाला जाऊन चार तास झालेत.

म्या शिवशरणला बाहेर बोलवून कागद दाखवला. तो खाली बसला. बैल जुंपायला उठला, परत बसला. बार्शीपर्यंत दोन दिवसांची गाडीवाट, मधी नाका, बाळाला हलवायचं कसं? बोट दाबून धरायचं एवढंच मला ठाऊक हाय, अन् ते म्या तुझ्या बाळालाबी केलं होतं. तुझ्या डॉक्टरला ह्यावर काही येत असंल तर त्याला उचलून आण. पाया पड, काहीही कर. बिराप्पा पाणी पितोय, हा कागद घेऊन तो लगेच निघंल.

इरम्माला शिवशरण सांगंल. जगीला अजून कुणी सांगितलं न्हाय. मला आत जाऊन पोराच्या तोंडात बोट घालायचंय, म्हणजे त्याला तिच्या छातीपासून सोडवावं लागंल. दारापर्यंत दोनदा गेले अन् परत आले. एवढं पाजून होऊ दे तिचं.

अक्का